घंटी काढलेली सायकल

इर्या पिराइनेनच्या सायकलला घंटी नव्हती. मुळात होती, पण चाळीस वर्षांपूर्वी इर्यानेच ती काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकली. साखळीला ती दर रविवारी तेल घाली. हँडलला लटकणाऱ्या दोन्ही बादल्यांच्या कड्यांभोवती जुन्या मोज्याची लोकर गुंडाळलेली होती, म्हणजे खड्ड्यातून जातानाही त्या वाजू नयेत. उत्तरेकडच्या कायनू प्रांताच्या रानात घरोघर पत्रकं येतात, की अस्वलं आहेत, लांडगे आहेत, आवाज करत चला. आणि ही त्रेसष्ट वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई नऊ-नऊ किलोमीटर रानवाटेने जाई ती चिडीचूप.

गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. हिल्ल्याचे दिवस आले की सगळं गावच चोरपावलांनी वागायला लागतं. हिल्ला म्हणजे दलदलीत येणारं केशरी फळ. एका काडीवर एकच येतं, वर्षातून तीनच आठवडे, आणि मच्छरांना रक्त पाजल्याशिवाय हाती लागत नाही. रान कुणाच्याही मालकीचं असो, फळ वेचेल त्याचं, असा तिथला रिवाज. त्यामुळे चांगल्या दलदलीला कुंपण एकच, आणि ते म्हणजे तोंड बंद ठेवणं. इर्याची दलदल तिच्या आजीने शोधलेली. आईने ती इर्याला दाखवली ती अंथरुणाला खिळायच्या आदल्या उन्हाळ्यात, तीसुद्धा मागून कुणी येत नाही ना हे चार वेळा वळून बघत. इर्याचा नवरा वेइक्को तीस वर्षं त्या फळांचा मुरंबा खात होता. बिचारा पत्ता न कळताच गेला.

आता इतकं गुपचूप हिंडणाऱ्या माणसाला रान आपलं सगळंच दाखवतं. इर्याला आजवर अकरा वेळा लांडगे दिसले होते. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि जीव खाऊन पॅडल मारत सुटली होती. लांडगा अर्धा किलोमीटर मागून आला, नुसता कुतूहलाने, जणू ही एवढी का धावतेय ते त्याला बघायचं होतं. तेव्हापासून तिने ठरवलं की पळायचं नाही. सायकलवरून उतरायचं, सायकल मध्ये आडवी धरायची आणि त्याच्याशी बोलायचं. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं पोरांना वाटाण्याचं सूप वाढलं होतं, त्यामुळे बोलायचा आवाज तिच्याकडे तयारच होता. “ए! काय बघतोस? मागे हो! रांगेत!” असं ती एकदा एका भल्यामोठ्या नर लांडग्याला म्हणाली होती, आणि तो खरंच मागे झाला होता. हा किस्सा ती सांगायला लागली की ओइवा हसायचा.

ओइवा तिच्याच वर्गातला. आयुष्यभर लाकूडतोडीचं यंत्र चालवून निवृत्त झालेला. शिकारी मंडळाने त्याला लांडग्यांचे माग तपासायचं काम दिलं होतं. बिनपगारी काम, पण मान मोठा. कुणाला लांडगा दिसला की ओइवा आपली चारचाकी रानगाडी घेऊन जायचा, मागाची लांबीरुंदी मोजायचा, फोटो काढायचा आणि फोनवरून नोंद पाठवायचा. त्याने खरं मानलं तर खरं. बावीस वर्षांत त्याने हजारभर माग मोजले होते, पण जिवंत लांडगा एकदाही पाहिला नव्हता. त्याची ती गाडी तीन टेकड्यांपलीकडून ऐकू यायची, त्याला लांडगे तरी काय करणार? शिवाय हिल्ल्यासाठी या माणसाने इर्याचा पाठलागही केला होता, एकदा नव्हे, चार उन्हाळे. दर वेळी तिने त्याला तासभर भलतीकडे फिरवून नदीच्या पुलापाशी आणून सोडलं होतं.

त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इर्या दलदलीकडे निघाली होती. शेवटचा उतार वाळूचा आहे. तिथे ती पॅडल मारत नाही, सायकल आपली आपण घरंगळते. वळणावर आली आणि समोर पन्नास पावलांवर लांडगी उभी होती. फिक्या राखाडी रंगाची, उन्हाळ्यात केस झडून हडकलेली. तिच्या पायांशी पाच पिल्लं रेनडिअरच्या हाडावरून भांडत होती. इर्या उतरली. सायकल आडवी धरली. “बाई, मी इथली जुनी आहे,” ती म्हणाली. लांडगीने तोंडातून एक फुसकारा सोडला, त्याबरोबर पिल्लं झाडीत गडप झाली आणि मागोमाग तीही गेली. इर्याने मग दोन बादल्या भरून फळं वेचली आणि गाणं गुणगुणत घरी आली.

घरी सान्नी पायरीवर बसली होती. सान्नी म्हणजे शेजारघरची सून, वृद्धाश्रमात परिचारिका. तिची मिंतू सात वर्षांची, आता दहा-बारा दिवसांत पहिलीला जाणार होती. शाळेची बस मोठ्या रस्त्याला येते आणि तो रस्ता घरापासून रानातून चार किलोमीटर. सान्नीची पाळी पहाटेची, नवरा महिनेच्या महिने समुद्रावर. लांडग्यांचा वावर सिद्ध झाला, तर पालिकेची कचेरी पोरांसाठी दारापर्यंत टॅक्सी देते. सान्नीच्या हातात कचेरीचं पत्र होतं.

“नाही म्हणाले, इर्यामावशी. या वर्षी इकडची एकही पक्की नोंद नाही म्हणे. महिनाअखेरपर्यंत झाली तर फेरविचार करतील.”

“अगं, लांडगा पोरीला काही करत नाही. मी अकरा... आता बाराच धर.”

“तू नाही घाबरत गं. पण नोव्हेंबरच्या अंधारात ती एकटी चालत जाणार, आणि मी तिकडे म्हाताऱ्यांना अंघोळ घालत बसणार? मावशी, तू मला लिहून देतेस, तिला काही होणार नाही म्हणून?”

स्वतःची खात्री इर्याने चौकात उभं राहून दिली असती. दुसऱ्याच्या लेकराची मात्र तिच्याच्याने देववेना.

“मग मी नोकरी सोडते,” सान्नी म्हणाली आणि उठली.

“थांब. ओइवाला मी सांगते,” इर्या म्हणाली. आणि मग तिने तीच चूक केली जी त्या गावातल्या कुणीही केली असती. तिने ओइवाला फोन करून जागा खोटी सांगितली. दलदलीपासून तीन किलोमीटर अलीकडे, जळक्या पाइनच्या तिठ्यावर दिसले म्हणाली. लांडगे काही एका जागी बसत नाहीत, तिठ्यावरही माग असतीलच, असा तिचा हिशेब.

ओइवा आला. ढोपरं टेकून त्याने सगळा तिठा पालथा घातला.

“हा कोल्हा. हा गावातल्या रांताचा कुत्रा. आणि ही तुझी सायकल. पाच पिल्लं म्हणालीस ना? ती काय उडत गेली?”

“वाऱ्याने गेले असतील माग.”

“काल वारा नव्हता, इर्या.” तो गुडघे झाडत उठला. “कॉफी जरा पातळ कर.”

संध्याकाळपर्यंत दुकानात सगळ्यांना कळलं, की इर्याला आता कपातही लांडगे दिसतात. तिला हसण्याचं काही वाटलं नसतं. पण सान्नी दुकानात होती, आणि ती हसली नाही. नुसतं इर्याकडे बघितलं आणि पाव घेऊन निघून गेली. त्या बघण्याने इर्याला रात्रभर छळलं. खोटं तर ती बोलली होती, आणि ते कशासाठी, तर दोन बादल्या फळांसाठी. पण दोन बादल्याच का होत्या त्या? आजीने दुष्काळाच्या साली सहा पोरं जगवली होती त्या दलदलीवर. आईचं सगळं स्त्रीधन म्हणजे तेवढी एक वाट. तीन बायकांनी जी जागा जिभेवर येऊ दिली नाही ती या ओइवासारख्या बोक्याच्या पुढ्यात ठेवायची? आणि सकाळी रेडिओवर सांगितलं की परवा पाऊस. म्हणजे माग धुऊन जाणार.

इर्याने ओइवाचं दार ठोठावलं.

“खोटं बोलले काल. चल, खरी जागा दाखवते. पण सायकलने यायचं.”

“मी पंधरा वर्षांत सायकलला हात लावलेला नाही!”

“वाट चिखलात टाकलेल्या फळ्यांवरून जाते. तुझं ते धूड बुडेल तिथे.”

ओइवाने तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर बादल्यांकडे गेली आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. जळक्या पाइनच्या पलीकडे फळ्या, आणि दाखवणार कोण, तर इर्या. त्याने लेकीची जांभळी सायकल काढली आणि तो मागून निघाला.

वाटेत तो दोनदा पडला. “हसू नकोस,” तो म्हणाला. “हसत नाहीये, वाट बघतेय,” इर्या म्हणाली. वाळूच्या उतारापाशी तिने हात वर केला. “इथून पॅडल नाही, ब्रेक नाही, बोलणं नाही. आपण होऊन जायचं.”

दोघं घरंगळत खाली गेले. वळणावर लांडगी तिथेच होती.

पिल्लं या खेपेला चारच दिसली. लांडगीने मान वळवली. इर्या उतरली होती आणि ओइवाही कसाबसा उतरला. जांभळी सायकल त्याने आडवी धरली, पण तिच्या चाकातली एक सैल तार किणकिणत होती. लांडगी त्याच्याकडे बघत राहिली. पिवळ्या डोळ्यांत ना राग ना भीती. एक पिल्लू दोन पावलं पुढे आलं, नाक उचलून त्याने ओइवाचा वास घेतला आणि शिंकलं. मग लांडगीने फुसकारा सोडला आणि सगळी निघाली, धावत नाही, चालत.

ओइवा मटकन शेवाळावर बसला. टोपी काढली. “बावीस वर्षं,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “बावीस वर्षं, इर्या.” त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायची शुद्ध नव्हती. इर्याला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मनापासून आवडला.

“मोज आता,” ती मऊपणे म्हणाली. “मिंतूची टॅक्सी आहे त्यात.”

त्याने मोजलं. पुढचा पंजा अकरा सेंटीमीटर. पिल्लांचे माग सात, साडेसात. फीतपट्टी शेजारी ठेवून फोटो काढले, हाडाचाही काढला. मग फोनवर नोंद भरताना त्याने जागा टिपण्यासाठी मान वर केली, आणि तेव्हा कुठे त्याला पाइनच्या पलीकडचं दिसलं.

दलदल पिकली होती. नजर पोचेल तिथवर केशरी.

“तर ही इथे आहे,” तो म्हणाला.

“इथे आहे.”

“मी पुलापाशी शोधत होतो.”

“मला माहीत आहे. मीच नेत होते तुला.”

ओइवाने फोनकडे बघितलं. “हे बघ, जागा दोन तऱ्हांनी टाकता येते. अचूक टाकली तर मंडळाच्या सगळ्या माणसांना नकाशावर हाच ठिपका दिसणार. नाहीतर नुसतं ‘तिठ्याच्या उत्तरेला’ असंही लिहिता येतं. मी कुणाला सांगणार नाही. शपथेवर.”

“मोघम लिहिलं तर टॅक्सी मिळेल?”

“कचेरी शंका काढेल. काढतेच. महिना संपायला तीन दिवस आहेत.”

इर्याने दलदलीकडे पाहिलं. सायकलच्या सीटला धरूनच ती उभी राहिली. आई गेली तेव्हाही तिला असंच कशाला तरी धरावं लागलं होतं.

“अचूक टाक,” ती म्हणाली.

“इर्या, नीट विचार कर.”

“केलाय रात्रभर. दाब.”

त्याने दाबलं. फोनने टिंग केलं आणि झालं. इतकंसं काम. इर्याने नाक पुसलं, जाकिटाच्या खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला आणि बादल्या हँडलवरून उतरवल्या.

“मी इथे कधी वेचायला येणार नाही,” ओइवा म्हणाला. “वचन देतो.”

“खोटं बोलू नकोस. येशील. मीसुद्धा आले असते.” तिने दुसरी बादली त्याच्या हातात कोंबली. “लाल सोड, ती कच्ची. केशरी तेवढीच घे. आणि यायचं ते सायकलने, समजलं? माझ्या लांडगीला तुझी गाडी आणून पळवलीस तर बघ.”

मग ती वाकली आणि वेचायला लागली. दोन पावलांवर ओइवा वाकला.