चाललोकाकांची किक

चाललोकाकांनी मला फसवलं. एकही शब्द खोटा न बोलता, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं.

ते नागपूरच्या संत्रा बाजारातले दलाल. नरखेडकडच्या बागांतली फळं झाडावर असतानाच विकत घ्यायचे. सौदा अडला की खांद्यावरचा दुपट्टा झटकून ओरडत, "चाललो मी! ठेव तुहे संत्रे झाडावरच!" आणि तरातरा मोटरसायकलकडे निघत. बाजारात त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं.

हमाली सोडून मी त्यांच्याकडे लागलो. गाडीवर त्यांच्या मागे बसायचो. काही विचारलं तर म्हणत, "काहून विचारतं गा? डोये आहेत ना तुले? पाहत राह्य." मी पाहत राहिलो. फळाला बोट न लावता झाडाखाली उकिडवं बसून वर बघणं, बागवाल्याच्या घरचं पाणी पिऊन मगच भावाची गोष्ट काढणं, सगळं उचललं. दुपट्टा झटकणंही उचललं. बाजारातले हसत, "आता दोन चाललो झाले बा!" काका खूश होत. डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवत.

त्यांची गाडी बागेत कधी लवकर चालू होत नसे. किक मारत, गाडीला शिव्या देत. तोवर बागवाला धावत येई, "थांबा ना जी काका!" सौदा होई. मला वाटे, गाडी जुनी आहे.

पुढे मी स्वतःचा धंदा उभा केला, नवी गाडी घेतली. ती पहिल्याच किकला सुटायची. काही सौदे मोडले. बागा काही कमी नव्हत्या.

प्रताप नगरचं एक स्थळ माझ्या मुलीला, सुधाला, मनापासून आवडलं होतं. बैठकीत वऱ्हाडी किती आणायचे यावर अडलं. मी दुपट्टा झटकला. "चाललो मी!" मुलाचे वडील समजूत काढायला मागे आले होते, हे नंतर कळलं. ते फाटकाशी पोचले तेव्हा मी चौक ओलांडला होता. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. मीही पाठवला नाही.

काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांना हे सांगितलं, तर ते उठून बसायला बघू लागले.

"किल्ली काहून फिरवली गा तू?"

"म्हणजे?"

"मी कुठं फिरवत होतो? बिनकिल्लीची किक मारत होतो ना. बागवाला आवाज देईपर्यंत."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"मले वाटे, तुले दिसते."

मी मागे बसत होतो. मला त्यांची पाठ दिसत होती.

राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना पाणी पाजलं आणि घरी आलो. थोड्याच दिवसांत काका गेले. मी खांदा दिला.

सुधा शाळेत शिकवते. मला चहा आणून देते. नवं स्थळ काढलं की उठून आत जाते, मागे बघत नाही. काकांची मुलं भेटली की म्हणतात, "बाबांनीच तुम्हाले माणूस केलं." केलं, मान्य. मग त्यांच्यातल्या एकानं माझ्या घरी यावं, सुधासमोर बसावं आणि तिचं लग्न कोणी मोडलं, ते तिला सांगावं.