मोहरी उपटण्याचा ठराव

कुंडलिक आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा माळी. आधी गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडली, पण त्याला कोणी आत घेतलं नाही. मागच्या भिंतीलगतच्या जागेत त्याने चाळीस कोबी लावले. तिथे स्कूटर उभ्या करायचं कमिटीच्या मनात होतं. शेवटी ठरलं, सव्वीस जानेवारीला कोबी चांगले दिसले तर बाग राहील.

कुंडलिक रोज सकाळी एकेक पान उलटून बघायचा. अंडी बोटाने चिरडायचा, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायचा. वाफ्याच्या कडेने त्याने मोहरी पेरली होती. अळ्या तिच्यावरच जमायच्या. कोबी स्वच्छ.

जानेवारीच्या सुरुवातीला कमिटी पाहणीला आली. अध्यक्ष वागळे मोहरीजवळ थबकले.

"काय रे कुंडलिक, अळ्यांची धर्मशाळा काढलीस?"

"सायेब, त्या हितं हायेत म्हणून कोबीवर न्हाईत."

"म्हणजे तू पाळतोस त्यांना!"

त्याच संध्याकाळी मोहरी उपटण्याचा ठराव एकमताने झाला. मीही कमिटीत होतो, म्हणून एकमतातही होतो. शंका आली होती, पण माझ्या शंकेला मी कधी फारसा मान दिलेला नाही.

कुंडलिकने मोहरी उपटली आणि ढीग लगेच पुरायला कुदळ आणली. वागळ्यांनी अडवलं. "थांब. ठरावात उपटणं आहे, पुरणं नाही. ते रविवारच्या सभेत घेऊ."

ढीग कोबीशेजारी पडून राहिला. चार दिवसांत मोहरी सुकली. अळ्यांना सभेची वाट बघणं जमलं नाही.

कुंडलिक आणि त्याची बायको सोनूबाई दिवसभर कोबीवरच्या अळ्या वेचायची. "चाळीस घरं, अन् एक माणूस वाकंना," सोनूबाई म्हणायची. रविवारी सभेला माणसंच पुरेशी आली नाहीत, म्हणून ढीग पुढच्या रविवारी पुरला. तोवर त्यात अळी उरली नव्हती. इतिवृत्तात नोंद झाली : मोहरीवरील अळ्यांचा पूर्ण बंदोबस्त.

सव्वीस जानेवारीला सात कोबी धड होते. बाकीच्यांची चाळण झाली होती. वागळ्यांनी माळ्याच्या निष्काळजीपणाबद्दल खेद व्यक्त केला. फेब्रुवारीत जागेवर लाद्या बसल्या आणि पहिली स्कूटर वागळ्यांचीच उभी राहिली.

पुढच्या थंडीत मी तळमजल्यावरच्या माझ्या खिडकीखाली तेलाचे सहा रिकामे डबे ठेवले. कुंडलिकने पाचात कोबी लावला, सहाव्यात मोहरी. कमिटीला मी विचारलं नाही.

परवा वागळे तिथे उभे राहून मोहरीकडे बघत होते. मी खिडकी लावून घेतली. डबे मात्र आत घेतले नाहीत.