नवरीचा चेहरा खाजू लागला तेव्हा

सणसवाडीत माझं छोटं पार्लर आहे. आजूबाजूला सगळ्या भाड्याच्या खोल्या, त्यामुळे येणाऱ्या बहुतेक मुली कंपन्यांत काम करणाऱ्या. त्यातलीच एक रांजणगावला पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी यायची आणि खुर्चीत बसली की आठवड्याचा सगळा शीण बोलून काढायची. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला बजावलं, "ताई, माझा मेकअप तुमीच करायचा. गावाकडं यावं लागंल, पण तुमीच."

तोवर मी साखरपुड्याचे, डोहाळजेवणाचे मेकअप केले होते. नवरीचा पूर्ण मेकअप, तोही गावी जाऊन, हा पहिलाच. पंधरा दिवस आधी पार्लरमध्ये एकदा करून पाहिला होता. छान बसला होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी माझा प्रायमर संपला. मेकअपच्या खाली, सगळ्यात आधी लावायचं ते क्रीम. नेहमीचा मिळेना. दुकानदारानं दुसरा दिला आणि म्हणाला, "हा सगळ्यांना चालतो." मी माझ्या मनगटावर लावून पाहिला, काही झालं नाही. खरं तर तो तिच्या मनगटावर लावून बघायचा असतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती गावी गेली होती, आणि काय होतंय एवढ्यानं, असं म्हणून मी डबी बॅगेत टाकली.

लग्न कासुर्डीजवळच्या एका कार्यालयात होतं, साडेबाराचं. सकाळी माझ्या नवऱ्यानं मला गाडीवरून राहूमार्गे यवतला आणि तिथून कार्यालयावर आणून सोडलं. तो लगेच दुसऱ्या शिफ्टला परतला. सव्वाअकरापर्यंत माझं काम झालं. पांढरी साडी, निळे काठ, केसांत मोगरा. आरशात बघून ती स्वतःच लाजली. तिची चुलती दारातून म्हणाली, "आगं बया, ओळखूच यीना की!"

मी ब्रश आवरत होते. पाहते तर ती दोन बोटांनी गालावर हळूहळू थापट्या मारतेय.

"काय गं?"

"काय न्हाई ताई. जरा खाजतंय."

मला वाटलं, घामानं होत असेल. पंखा तिच्या तोंडावर केला. पाच मिनिटांत ती खुर्चीच्या कडेला आली. दोन्ही हातांच्या मुठी आवळलेल्या.

"ताई, लय खाजतंय ओ. आतून चावल्यासारखं होतंय. नख लावू का जरासं?"

"नको, नख नको लावू."

मी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. फाउंडेशनखाली गालावर आणि हनुवटीवर बारीक गांधी उठल्या होत्या. बॅगेतली ती डबी मला बंद चेनमधूनही दिसत होती.

चुलती जवळ आली. "पावडर मारा आनखी थोडी आन् बसवा तिला. तासाभराचा तर प्रश्न हाय."

नवरीला रडू फुटलं. "तासभर हात जोडून बसायचंय, काकी. बुद्धवंदना चालू आसताना गाल खाजवू का मी? समदी बघत्याल."

मी बाहेर जाऊन आमच्या पार्लरच्या वरच्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "श्वास लागतोय का? ओठ, डोळे सुजलेत का?" मी पळत आत जाऊन बघून आले. तसं काही नव्हतं. "मग आधी चेहऱ्यावरचं सगळं काढ. सगळं म्हणजे सगळं. गार पाण्यानं धू. एका गोळीचं नाव पाठवते, ती दे. पण श्वास लागला किंवा सूज आली, तर लग्न राहू दे, सरळ दवाखान्यात ने."

आत आले तेव्हा नवरीची आई आली होती. शेतात राबलेली, बारीक अंगाची बाई. नवी साडी अजून अंगावर बसली नव्हती. मी त्यांना सरळ सांगितलं, "मावशी, चूक माझी आहे. नवीन क्रीम हिच्यावर आधी लावून बघायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही. आता सगळा मेकअप काढावा लागेल. आणि परत करता येणार नाही."

चुलती काहीतरी बोलायला लागली. आईनं तिला हातानंच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. काढल्यावं पोरीला सुखानं बसता यील का, तेवढं सांगा."

"येईल," मी म्हणाले. खात्री नव्हती, तरी म्हणाले.

पांढऱ्या साडीला डाग लागू नये म्हणून तिच्या खांद्यांभोवती दोन टॉवेल गुंडाळले. कापसानं सगळं उतरवायला लागले. खोट्या पापण्या, लिपस्टिक, तास-दीड तास लावून केलेलं सगळं कापसाच्या बोळ्यांवर येत होतं. ती डोळे मिटून हुंदके देत होती. "फोटोत कशी दिसंल मी?" एवढंच दोनदा म्हणाली. मग बादलीवर चेहरा धरून पाणी मारलं, पुन्हा पुन्हा. आईनं आचाऱ्याकडून मठ्ठ्यासाठी आणलेला बर्फ मागून आणला. तो धुतलेल्या रुमालात गुंडाळून मी तिच्या गालांवर धरला. हायवेवरच्या मेडिकलमधून तिच्या मामानं गोळी आणली, ती दिली.

बाहेर साडेबारा वाजून गेले होते. माईकवर तिचे चुलते सांगत होते, "पाहुणे मंडळींनी शांतता राखावी, काही गाड्या चौफुल्याला अडकल्या आहेत." एकही गाडी अडकलेली नव्हती.

पाऊण वाजला असेल. ती एकदम म्हणाली, "ताई, बर्फ काढा बरं."

मी रुमाल बाजूला केला. तिनं दोन्ही गाल हलवून पाहिले. मग म्हणाली, "थांबलं. गालावरचं थांबलं. हनुवटीला जरा हाय, पण चालंल." आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की माझाच जीव भांड्यात पडला. गांधी अजून दिसत होत्या, पण फिकट झाल्या होत्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. नवऱ्या मुलाची आई आत आली, घामाघूम, चेहरा उतरलेला. टॉवेलातली नवरी, ओले केस, लाल गाल, जमिनीवर कापसाचा ढीग. होणारी सासू बघतच राहिली.

"काय झालंय हिथं?"

नवरीची आई म्हणाली, "मेकअप सोसला न्हाई ओ पोरीला. तोंड खाजाया लागलं. धुतलं समदं."

"एवढंच व्हय?" त्या बाई मटकन पलंगावर बसल्या. "आवो, आमाला वाटलं पोरगी लग्नाला नको म्हंतीय! आमचा पोरगा बाहेर पाणी पिऊन पिऊन बेजार झालाय."

आधी नवरीच हसली. मग चुलती, मग आम्ही सगळ्याच. हसता हसता नवरीची आई पदरानं डोळे पुसत होती.

मी फक्त केस नीट केले. गजरा बदलला, पापणीला बारीक काजळाची रेघ ओढली. दुसरं काही लावायचं धाडस मला झालं नाही आणि तिनंही मागितलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी ती स्टेजवर गेली. मी खांबाजवळ उभी राहून तिच्या हातांकडेच बघत होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. जोडलेले हात एकदाही चेहऱ्याकडे गेले नाहीत. फुलं पडली, टाळ्या वाजल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही. नवरीच्या आईनं मला ओढून पंगतीत नेलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. मीच परत क्रीमचा विषय काढला तर म्हणाल्या, "जेवा आता. भात घ्या."

तो प्रायमर मी यवतच्या स्टँडवर कचऱ्यात टाकला. आता कुठल्याही नवरीला आदल्या दिवशी हातावर लावून बघितल्याशिवाय मी चेहऱ्याला बोट लावत नाही. काही जणी कंटाळतात, कंटाळू देत.

चौथ्या दिवशी दौंडहून, तिच्या सासरहून व्हिडिओ कॉल आला. गाल स्वच्छ होते. फोटो आल्याचं ती सांगत होती.

"कसे आलेत?" मी घाबरतच विचारलं.

"माझे चांगले आलेत ओ. ह्यांचा चेहराच समद्या फोटूत घाबरलेला हाय," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी पुरुष हसला.