अपूर्णांकाचा तास

"तुझी नको गं. मुलं नंतर खाणार आहेत या पोळ्या."

बाई हसत म्हणाल्या. गोड आवाजात. वर्गही हसला.

माझ्या हातात नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर. काळपट. सहावीत होते मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पेठच्या डोंगरातले आदिवासी. आईबाप नाशिकजवळ द्राक्षबागेत मजुरीला, राहायला बागेतलीच खोली.

अपूर्णांक शिकायला प्रत्येकाने घरून पोळी नाहीतर भाकरी आणायची होती. आईने पहाटे थापली. वाकडी झाली म्हणून मोडून पुन्हा थापली. म्हणाली, "गोल झाली ना गं? बाईंना चालंल ना?"

नाही चालली.

मुलं पाव, अर्धा, पाऊण जोडत होती. ओरडत होती. मी भिंतीला टेकून बघत होते. उत्तर येत होतं. हात वर केला. बाईंची नजर माझ्यावरून सरकत पुढच्या पोरीवर गेली.

सगळ्यात वाईट हे, की बाई चांगल्या होत्या. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गणिताच्या तासाची सगळा वर्ग वाट बघायचा. मीसुद्धा. एवढं सुंदर काहीतरी त्यांच्यापाशी होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

सातवीत तपासणीला साहेब आले. मैदानावर चुन्याचं मोठं वर्तुळ. दोरीने परीघ मोजायचा, व्यास मोजायचा. मला आणि आमच्यातल्याच दोन पोरींना बाई म्हणाल्या, "तुम्ही पाणी भरा. साहेबांसमोर गोंधळ नको."

त्या दोघी गेल्या. मी दोरीचं टोक धरलं.

"सोड ती."

"नाय सोडणार. माझा पण तास हाय."

कधी कुणावर हात न उगारणाऱ्या बाईंनी माझ्या थोबाडीत मारली. साहेब दुसरीकडे बघायला लागले. गाल पेटला. दोरी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं. बागमालकाचा मुलगा आमच्याच वर्गात. मालकाच्या कानावर जाऊन खोली जाईल, या भीतीने बाप हात जोडून उभा.

"चुकलं पोरीचं, बाई."

"माझं नाय चुकलं," मी म्हणाले.

बाप कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

भरतीची बरीच वर्षं वाट बघून आता मीच नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवते. पतंग, पत्ते, कागदाच्या घड्या, सगळं वर्गात आणते. पोरं घंटा झाली तरी उठत नाहीत. काल मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, झोपडपट्टीतली मुलं सगळ्यांच्या गटात बसवता. पालक बोलतात. त्यांचा गट वेगळा करा."

"नाही करणार."

"अजून शिक्षणसेवक आहात. कायम व्हायचंय तुम्हाला."

धमकी कळली. नोकरी गेली तर काय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

उद्या कोन शिकवायचेत. गट मीच पाडणार, सगळी पोरं मिसळून. ज्या पालकाला आपलं पोर गटातून उठवायचं असेल त्याने वर्गात यावं, आणि का उठवतोय ते सगळ्या पोरांसमोर, मोठ्याने सांगून उठवावं.