रेड अलर्टची सुट्टी
आमचं ऑफिस ठाण्यात आणि मी राहतो दिव्याला. रेड अलर्ट असला की आम्ही दिवा-डोंबिवलीची माणसं रोजच्यापेक्षा लवकर निघतो. रुळांवर पाणी चढायच्या आत पोचलेलं बरं, कारण उशीर झाला की साहेबांचं तोंड वाकडं होतं. साहेब ऑफिसच्या मागच्याच सोसायटीत राहतात. सुट्टी द्यायची की नाही हे ते चहा झाल्यावर बाल्कनीतून रस्ता बघून ठरवतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही लांबचे सगळे ओले मोजे पंख्याखाली वाळत घालून बसलेलो, तेव्हा त्यांचा निरोप आला. ग्रुपवर सूचना टाकायचं काम माझ्याकडे आहे. मी टाइप केलं, 'आज ऑफिस बंद. सर्वांनी घरूनच काम करावे. कृपया घराबाहेर पडू नये.' जवळ राहणाऱ्यांचे अंगठे लगेच आले.

मग मी साहेबांना फोन करून विचारलं, आम्ही आलोय, गाड्या बंद पडायच्या आत निघू का?

"अहो, अशा पावसात कुठे निघताय?" साहेब काळजीने म्हणाले. "आलाच आहात तर बसा संध्याकाळपर्यंत. आणि माझा लॅपटॉप तिथेच राहिलाय, तेवढा कोणाबरोबर तरी घरी पाठवून द्या."