सगुणामावशींचं म्हशीआडून बोलणं

सगुणामावशी आपल्या नवऱ्याशी एक शब्दही थेट बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. जे सांगायचं ते त्या म्हशीला सांगत आणि तात्या, म्हणजे त्यांचे यजमान, ते ऐकून घेत.

आम्ही पिंपरी गावात त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. औषधांचा नवा कारखाना नुकताच सुरू झाला होता. ह्यांना तिथे नोकरी लागली आणि मी लग्न होऊन रत्नागिरीकडून थेट इथे येऊन पडले. पहिल्याच संध्याकाळी गोठ्यातून आवाज आला, "चंद्रे, मानसानं भाईर जाताना सांगून जावं. भाकरी किती येळ वाट बगत बसनार?" मला वाटलं, या घरात चंद्री नावाची एक भलतीच उनाड मुलगी दिसते. तेवढ्यात अंगणातून तात्या म्हणाले, "चंद्रे, तिला म्हनावं, सांगितलं हुतं. तवा ती दळत हुती." मी डोकावून पाहिलं, तर चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती.

याचं मूळ मावशींच्या सासूबाईंत होतं. वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची शिस्त. सासूबाई दिवसभर ओसरीवर ठाण मांडून बसत. नवरा-बायको एकत्र येत ती फक्त धारेच्या वेळी, आणि तिथेही ओसरीवरचे कान टवकारलेले. मग चौदा-पंधरा वर्षांच्या सगुणेनं म्हशीला हाताशी धरलं. म्हशीशी बोलू नको असं कुठल्याही सासूला सांगता येत नाही! पुढे सासूबाई गेल्या, म्हशीही बदलल्या, पण रीत तीच राहिली.

"आता कशाला हो चंद्री मधे?" मी एकदा विचारलं.

"अगं, त्यांच्या तोंडाकडं बगितलं की हसू येतंय मला," मावशी म्हणाल्या. "मग काय सांगायचं त्येच ऱ्हातंय."

बोलण्याचं मात्र त्यांना फार अगत्य. "पोटात ठिवू नगं, इमल. आंबतंय त्ये," असं मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई त्यांच्याकडे दुधाला यायची. तिला मराठी येत नव्हतं आणि मावशींना पिंपरीची मराठी सोडून दुसरं काही येत नव्हतं. एकदा पाहते तो काय, दोघी पायरीवर बसल्या आहेत, ती सिंधीत सांगते आहे, मावशी मराठीत उत्तर देत आहेत, आणि दोघींच्या डोळ्यांना पदर. ती गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय कळलं?" तर म्हणाल्या, "घरदार सुटलंय तिचं. त्येला भाषा कशाला लागती?"

आमच्या खोलीत भाषा एकच होती, पण बोलणं नव्हतं. हे मुळातच अबोल. मीठ कमी पडलं तरी मुकाट्याने जेवतील. त्यातून मी सातव्या महिन्यातच बाळंत झाले आणि मूल गेलं. मी पुण्याच्या इस्पितळातून परत आले, त्या दिवशी ह्यांनी माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि कामावर गेले. त्यानंतर त्या मुलाबद्दल ह्यांनी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. शिफ्ट सुटली की लगेच घरी येणारा माणूस रोज उशिरा यायला लागला. विचारलं तर म्हणायचे, "ओव्हरटाइम." मी भिंतीकडे तोंड करून रडायची. या माणसाला काळीजच नाही, अशी माझी खात्री झाली.

शेवटी मी भावाला बोलावून घेतलं. तो यायच्या आदल्या दिवशी ट्रंक भरून ठेवली. परत यायचंच नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. मावशींना एवढंच म्हटलं, "जरा माहेरी जाऊन येते."

"किती दिस?" त्यांनी विचारलं. मी ट्रंकेला कुलूप लावायला वळले.

संध्याकाळी त्यांची हाक आली, "इमल, चंद्री पान्हा सोडीना झालीया. जरा पाटी धर तिच्यापुढं." मी आंबोणाची पाटी घेऊन म्हशीच्या तोंडाशी उभी राहिले. थोड्या वेळाने हे दुधासाठी तांब्या घेऊन दारात आले. उशीर होवो न होवो, दूध आणायचं काम त्यांचंच होतं. मला पाहून ते तिथेच थबकले.

मावशींनी धार काढता काढता सुरुवात केली. "चंद्रे, ही पोर उद्या माहेराला चाललीया. परत यायची न्हाई, मला दिसतंय. लेकरू गेलं तिचं. आन तिला वाटतंय, नवऱ्याला त्येचं काय सुदीक न्हाई. आता खरं काय, त्ये जावईबापूंनाच इचार बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आता तडक निघून जाणार, असं वाटलं. पण जायचं तर तांब्या रिकामा!

ह्यांनी तांब्या दोनदा या हातातून त्या हातात घेतला. मग हे म्हणाले, "चंद्रे..." आणि थांबले. कारखान्यात पांढरा कोट घालून काम करणारा माणूस, म्हशीशी बोलायच्या लाजेने कानापर्यंत लाल झाला. "चंद्रे, तिला सांग, ओव्हरटाइम खोटा आहे. मी स्टेशनावर जाऊन बसतो. घरी ती रडत असते आणि मला काय बोलावं ते सुचत नाही. तिच्यासमोर मीही रडलो तर तिला कोण सांभाळणार? म्हणून तिकडेच रडून घेतो."

मी पाटी खाली ठेवली. मी म्हटलं, "चंद्रे, त्यांना विचार, दोघांनी मिळून रडलं तर काय बिघडेल?"

मावशी उठल्या. "आता तुमचं तुमी बगा," असं म्हणून चरवी घेऊन आत निघून गेल्या. त्या दिवशी दूध घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. आमचं बोलणं काही एका दिवसात सुरू झालं नाही. पण हे शिफ्ट सुटली की सरळ घरी यायला लागले. कधी मूल कसं दिसत होतं ते विचारायचे, आणि मी सांगायची.

वर्षभराने आम्हाला कॉलनीत क्वार्टर मिळालं. सामान बैलगाडीत चढवताना मी मावशींची थट्टा केली, "आम्हाला बोलतं केलंत, आणि तुम्ही मात्र अजून म्हशीशीच!"

"आमचं पोचतंय गं," मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुमचं पोचत नव्हतं."

मावशी तात्यांच्या आधी जातील, असं कुणाला वाटलं नव्हतं. काही वर्षांनी त्यांना ताप आला काय आणि चार दिवसांत खेळ आटोपला काय! कळलं तसे आम्ही दोघं गावात गेलो. आज माझा संसार आहे तो त्यांच्यामुळे, हे तात्यांना सांगायचं, असं मी वाटभर मनात घोळवत होते. पण अंगणात पाय ठेवला आणि मी तिथेच पायरीवर बसून रडायला लागले.

हे पुढे झाले. माणसांनी भरलेल्या त्या अंगणात तात्यांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "तात्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी नसत्या तर माझी बायको मला सोडून गेली असती. बरोबरच केलं असतं तिने. मावशींना हे एकदा सांगायला हवं होतं, ते राहिलं. म्हणून तुम्हाला सांगतो."

तात्यांनी ह्यांचे हात तसेच घट्ट धरले.

"तिला ठावं हुतं, जावईबापू," ते म्हणाले. "पन बरं केलं, बोललात."