ट्रेव्हर नॉस्की पहिला आला

“त्यो रेडिओ बंद कर बेव्ह.”

“नेव्ह मागं एकटाच हाय. काय झालं-सवरलं तर?”

“त्याला काय व्हतंय? मागनं धूळ खात यायचं, दुसरं काम काय हाय त्याला. आन् त्या चॅनलवर सारी दुनिया कान लावून बसल्याली असती. आपण कंच्या वाटंनं निघालो हे मार्लीनला कळलं, की बसलोच मग दुसऱ्या नंबरावर.”

बेव्हनं बटण फिरवलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याची असली कितीतरी बटणं फिरवली होती. काही बंद केली, काही चालू केली, आणि दर वेळी पुढं जे व्हायचं ते तिच्याच अंगावर आलं.

हा ट्रेव्हर नॉस्की आमच्या क्वॉर्न गावातला टायरवाला. बाप रेल्वेत गॅंगमन होता, साधा माणूस. मुलगा मात्र जन्मल्यापासून पुढारी. शाळेत फुटबॉलच्या संघात होता, पण चेंडूपेक्षा त्याचं लक्ष कप्तानाच्या बिल्ल्यावर. पुढं टायरचं दुकान टाकलं, बरं चाललं. उत्तरेकडच्या डोंगररांगांत जाणारी प्रत्येक गाडी आमच्या गावावरून जाते, आणि त्या वाटेवरचे दगड कुणाच्याच टायरची भीड ठेवत नाहीत. त्यामुळं ट्रेव्हरच्या पोटाला कधी कमी पडलं नाही. पण पोट भरलं की काही माणसांना मान लागतो, आणि मान काही पान्यानं आवळून बसवता येत नाही.

मग त्यानं डोंगर चढणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. पुढं विंच बसवली, रुतलेली गाडी ओढून काढायची दोराची चरखी. तिचा दोर त्यानं फक्त पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढला. गाडीच्या टपापर्यंत गेलेलं नाकाडं बसवलं, पाण्यातून गाडी नेताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून. आमच्याकडच्या ओढ्यांतून पाणी वाहिलेलं बघायला नशीब लागतं. गाडी बघून लहान पोरं हसायची. ट्रेव्हरला वाटायचं, दिपून गेली.

गावात एक फोर-व्हील क्लब निघाला. त्याचा अध्यक्ष कोण हे सांगायला नको. शनिवार-रविवारी पाच-सहा गाड्या निघायच्या, ओढ्यात वळकट्या पसरायच्या, जाळावर सॉसेज भाजायचे. पण ट्रेव्हर पुढं राहणार, तो म्हणेल तिथंच गाड्या थांबणार, तोच सांगणार की जाळ कुठं घालायचा आणि लाकडं कशी रचायची. एकदा त्यानं एका सत्तर वर्षांच्या मेंढपाळाला चहा कसा उकळतात ते शिकवलं. म्हातारा कप ओतून देऊन उठला आणि पुन्हा आला नाही. अशी एकेक माणसं गळत गेली, आणि क्लबात शेवटी अध्यक्ष, अध्यक्षाची बायको आणि अध्यक्षाचा मेव्हणा एवढीच उरली.

हा मेव्हणा म्हणजे बेव्हचा भाऊ नेव्हिल, सगळ्यांचा नेव्ह. बायको वारलेला, अबोल गडी. दुसऱ्याच्या मागं चालण्यात त्याला सुख वाटायचं, कारण मागं चालणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. असल्या माणसाचीही मला कीव येत नाही.

क्लब बसल्यावर ट्रेव्हरला डब्यांचा नाद लागला. हा खेळ असा: कुणीतरी डोंगरात एखादा डबा लपवतो आणि त्याची जागा आकड्यांत इंटरनेटवर टाकतो. बाकीचे हातात जागा दाखवणारं यंत्र धरून तो हुडकत फिरतात. डबा घावला की आतल्या कागदाच्या पट्टीवर नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून परत यायचं. पोरांनी खेळावा असाच खेळ, आणि पोरं चांगला खेळतात. पण थोराड बाप्यांनी त्यात एक मानाचं पान काढलंय. नव्या डब्यात जो पहिलं नाव लिहील, तो पहिला. बक्षीस काही नाही. फक्त पहिला.

ट्रेव्हर कधीच पहिला आला नव्हता. तो यंत्र चाचपत चढावर पोचायचा तेव्हा पट्टीवर वरच्या ओळीत व्हायला गावच्या मार्लीनचं नाव असायचं. मार्लीन नर्स, पायांनी काटक. ड्युटी संपली की थेट गाडीत बसून डोंगरात. इंटरनेटवर ट्रेव्हरनं स्वतःचं नाव घेतलं होतं ‘डोंगराचा धनी’. मार्लीनचं नाव होतं ‘चप्पल’. पट्टीवर सगळीकडं चप्पल वर आणि धनी खाली, ही गोष्ट त्याला जेवू द्यायची नाही.

ऑक्टोबरच्या शेवटाला, उन्हानं एकदम डोकं वर काढलं त्या आठवड्यात, नव्या डब्याची खबर आली. लिन कॉट्झच्या रानात, पार मागच्या कड्यावर. ट्रेव्हरनं दुकानाला कुलूप घातलं, बेव्हला बर्फाची पेटी भरायला लावली, नेव्हिलला फोन केला, आणि सकाळच्या पारी दोन्ही गाड्या धुळीचे लोट उठवत निघाल्या.

लिनबाई म्हणजे मेंढरांची मालकीण. तिचं रान एवढं की एका टोकाचा पाऊस दुसऱ्या टोकाला कळत नाही. ती कुणालाही वाट देते, एकाच अटीवर. फाटक जसं दिसंल तसं ठेवायचं. लावलेलं असेल तर लावायचं, उघडं असेल तर उघडं. दोन गाड्या असल्या की आमच्याकडची रीत अशी, की पुढची गाडी फाटक उघडते आणि शेवटची लावते. पण मुळात उघडंच घावलं, तर पुढच्यानं रेडिओवर मागच्याला सांगायचं. कारण धुळीपायी मागची गाडी मैलभर अंतर राखून असते, पुढं काय झालं ते तिला दिसत नाही.

तिसरं फाटक सताड उघडं होतं. पलीकडं पवनचक्की होती, तिच्या बुडाला पाण्याची डोण. अलीकडच्या मोठ्या रानातली विहीर आटल्यामुळं लिननं मेंढरांना जायला-यायला ते उघडं टाकलं होतं.

बेव्हनं रेडिओकडं हात नेला. “उघडं व्हतं म्हणून सांगते नेव्हला.”

“डबा घावल्यावर सांग,” ट्रेव्हर म्हणाला, आणि गाडी दामटली.

मागनं नेव्हिल आला. उघडं फाटक दिसलं. त्यानं रेडिओवर तीनदा विचारलं. उत्तर नाही. इतक्या वर्षांत ट्रेव्हरनं खाली उतरून फाटक लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. ते काम कायम त्याचंच. तो उतरला, फाटक लोटलं, साखळी घातली, हूक नीट बसलाय का हलवून बघितलं, आणि पुढं निघाला.

डबा घावला. कड्यावरच्या कपारीत दगडाआड होता, प्लास्टिकचा, झाकणाला टेप. आत एक खोडरबर, एक रबरी बेडूक आणि कोरी पट्टी. कोरी. ट्रेव्हरनं पहिल्या ओळीत ‘डोंगराचा धनी’ असं लिहिलं, इतक्या मोठ्या अक्षरांत की खालच्या दोन ओळी गेल्या. बेव्हला फोटो काढायला लावला. पहिल्या फोटोत पोट दिसतंय म्हणून दुसरा काढायला लावला.

नेव्हिल ओढ्यातल्या मुक्कामावर पोचला तेव्हा दिवस कलला होता. वाटेत त्याचा टायर बाजूनं चिरला होता, आणि आता तो जादा चाकावर होता. जाळावर चहाचं डबडं ठेवता ठेवता बेव्हनं त्याला विचारलं, फाटक उघडंच ठेवलंस ना. त्यानं सांगितलं, चांगलं साखळी घालून आलोय.

बेव्ह उभी राहिली. आत्ताच्या आत्ता मागं जाऊ म्हणाली. मेंढ्या अंगावर पाजताहेत, कोकरं पाठीशी आहेत, ऊन हे असलं. ट्रेव्हर बिअरचा डबा धरून खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, एका रात्रीनं मेंढरं मरत नसतात, सकाळी बघू. नेव्हिल म्हणाला, मी जातो. ट्रेव्हर म्हणाला, जा की, पण तुझ्यापाशी आता जादा चाक न्हाई, वाटंत दुसरा टायर गेला तर मी काय येणार न्हाई. तुझा चिरलेला सकाळी शिवून देतो, मग जा. बेव्हनं आपल्या गाडीची किल्ली मागितली. त्यावर तो नुसता हसला.

सकाळी त्यानं टायर शिवला नाही. यंत्रात बघितलं तर त्याच रांगेत आणखी जुने डबे निघाले, आणि पहिला आलेल्या माणसाला भूक लागली होती. म्हणाला, दुपारपर्यंत उरकतो. दुपारची संध्याकाळ झाली. बेव्ह दिवसभर ओढ्यातल्या निलगिरीच्या सावलीत पाय पोटाशी घेऊन बसली. नेव्हिल चिरलेल्या टायरपाशी जाऊन उभा राहायचा, टायरकडं बघायचा आणि परत यायचा. एवढंच त्याच्यानं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते परत फाटकापाशी आले.

मेंढरं फाटकाला अशी चिकटली होती की तारा फुगल्या होत्या. ओरडत नव्हती. ओरडायला तोंडात ओल लागते. कोकरं कडंला पडली होती; काही मान टाकून, काही अजून पोट हलवत. फाटकाच्या ह्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, डोणीतलं पाणी उन्हात चमकत होतं, आणि त्याचा वास त्या मेंढरांना दोन दिवस येत होता.

नेव्हिल म्हणाला, सावकाश, थोडी थोडी सोडू. ट्रेव्हर ऐकतो होय. आयुष्यात पहिल्यांदा फाटक उघडायला तो स्वतः उतरला. घाई होती ना. साखळी काढून त्यानं फाटक सताड उघडून टाकलं, आणि सगळा कळप एकदम उठला. डोणीवर मेंढ्या एकीवर एक चढल्या. खालच्या खाली राहिल्या. बेव्ह आणि नेव्हिल मेंढ्यांच्या लोकरीला धरून मागं ओढत होते. ट्रेव्हर गाडीपाशी उभा राहून हात हलवत होता, रहदारीच्या पोलिसासारखा.

मग तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “चला आता. फाटक उघडं व्हतं, उघडं हाय. आपण काय बघितलं न्हाई.”

बेव्ह डोणीपासून हलली नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, स्कर्टवर लेंड्यांचा चिखल. म्हणाली, “तू जा.”

तो गेलाही असता. पण तेवढ्यात उत्तरेकडून धूळ उठली. लिन कॉट्झ आपल्या पिकअपमधून आली. उतरली, डोणीकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, मातीतल्या चाकांच्या खुणांकडं बघितलं. ट्रेव्हर लगबगीनं पुढं झाला.

“लिन, लय वाईट झालं बघ. ह्या नेव्हनं फाटक लावलं. मी त्याला किती येळा सांगितलंय, पर ह्या माणसाच्या डोक्यात—”

“फुडं कोण व्हतं?” लिननं विचारलं.

“फुडं मी. पर फाटक त्यानं—”

“रेडिओवर सांगितलंस त्याला?”

ट्रेव्हरनं तोंड उघडलं. बेव्ह त्याच्या आधी बोलली.

“रेडिओ बंद व्हता. ह्यानं बंद करायला लावला, डब्यापायी. आन् फाटक लावलंय हे ह्याला पहिल्याच राती ठावं व्हतं.”

नेव्हिल जमिनीकडं बघत होता. ट्रेव्हर बायकोकडं असा बघत राहिला, जसा काही तिनंच मेंढरं मारली.

लिन ओरडली नाही. तिनं पिकअपचं मागचं फळकूट पाडलं आणि हातमोजे चढवले. “बोलू नको,” ती ट्रेव्हरला म्हणाली. “मागच्या पायाला धर.”

दुपार टळेपर्यंत तो मेलेली मेंढरं ओढत होता. मध्ये एकदा त्यानं भरपाईचं काढलं. लिननं ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा म्हणाली, तुझ्या दुकानाचे टायर आजपासनं माझ्या गाडीला नकोत, आणि तुझी गाडी माझ्या रानात नको. तो कड्यावरचा डबाही उद्या उचलून फेकते. ट्रेव्हर पाय धरल्या जागी थांबला. त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काळजी दिसली. त्यानं विचारलं, “म्हंजे आता तिथं दुसरं कुणीच जाणार न्हाई?”

“कुणीच न्हाई,” लिन म्हणाली.

बेव्ह परतीला नेव्हिलच्या गाडीत बसली. ती पुढच्या आठवड्यात भावाकडंच राहिली. दुकानात यायची, गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकाशी बोलायची आणि पाच वाजता भावाच्या गाडीतून जायची. नवऱ्याला काही सांगायचं असलं तर कागदावर लिहून काचेला चिकटवायची: डाव्या चाकाची हवा, अमक्याचा फोन. मेंढरांची गोष्ट एव्हाना हॉकर गावापासून पोर्ट ऑगस्टापर्यंत पोचली होती. रानातली तीन घरं आपले टायर दुसरीकडं नेऊ लागली. ट्रेव्हर म्हणायचा, धंद्यात मंदी हाय.

लिननं डबा उचलला. तो लपवणाऱ्यानं इंटरनेटवर खेळातून काढून टाकला. पण डब्याचं तिथलं पान राहतं, आणि पानावर नाव राहतं. एकच नाव. मार्लीननं त्याखाली अभिनंदनाचा एक शब्दही लिहिला नाही. ट्रेव्हरनं त्याचा अर्थ काढला की ती जळते.

परवा मेलबर्नकडचं एक जोडपं पंक्चर घेऊन आलं. गाडीच्या काचेवर त्या खेळाचं चिन्ह होतं. ट्रेव्हरनं ते बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. गाडीचं चाक उतरवता उतरवता सुरू झाला: कडा असा, ऊन असं, कोरी पट्टी अशी. आन् गंमत म्हंजे, म्हणाला, त्या डब्यावर पहिला बी मीच आन् शेवटचा बी मीच. हुडकून बघा, असं दुसऱ्या कुणाचं न्हाई.

बाईनं विचारलं, तो डबा बंद का झाला.

गल्ल्यावर बेव्हनं मान वर केली. ट्रेव्हरनं तिकडं बघितलं नाही. म्हणाला, मालकीण खडूस हाय, आमच्याकडची माणसं अशीच. आणि लिव्हर घालून तो टायरची कड रिमवरून सोडवू लागला.